उलटा पंख आणि त्याचे खांब

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी माझा भाचा तीन मित्रांना घेऊन घरी आला. टेम्पोच्या हौद्यात जुन्या चादरीत गुंडाळलेली एक लांबट वस्तू होती. चादर उलगडली तर आत विमानाच्या पंखाचा तुकडा वाटावा असं काहीतरी. थर्मोकोल गरम तारेनं कापून, त्यावर फायबरग्लासचं कापड आणि रेझिन चढवून, पॉलिश पेपरनं घासून पोरांनी तो स्वतः बनवला होता. लांबी १ मीटर ४० सेंटिमीटर, रुंदी ३० सेंटिमीटर. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संघांनी स्वतः बांधलेल्या छोट्या शर्यतीच्या गाड्यांची स्पर्धा असते, तिच्यासाठीच्या गाडीचा हा मागचा पंख. काम सुबक होतं. मी कौतुक केलं. मग भाच्यानं खरा प्रश्न विचारला, "मामा, हा गाडीला बसवायचा कुठे आणि कसा?"

मी शिकलेला इंजिनियर नाही. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षं काम केलं आणि रद्दीवाल्यांकडून मिळतील तशी जुनी इंग्रजी मोटार-मासिकं जमवत, शब्दकोश शेजारी ठेवून वाचत गेलो. त्या वाचनात हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा भेटला होता. शर्यतीच्या गाडीच्या पंखाचा इतिहास बहुतेक वेळा आकाराचा इतिहास म्हणून सांगितला जातो: कुणाला कोणती वक्रता सुचली, कुणी किती वेग वाढवला. पण कागदपत्रं नीट वाचली की वेगळंच दिसतं. पंखाचा आकार विमानवाल्यांना केव्हाच ठाऊक होता. माणसं अडली ती पंख गाडीला जोडण्यापाशी, आणि जी जायबंदी झाली तीही तिथंच. हा लेख त्या जोडाचा आहे.

वारा कापणं आणि वाऱ्यानं दाबणं

विमानाचा पंख वाऱ्यात विशिष्ट कोनात धरला की विमान वर उचललं जातं. तोच पंख उलटा करून गाडीवर बसवला तर गाडी जमिनीवर दाबली जाते. चाकं रस्त्याला जितकी घट्ट दाबली जातात, तितकी टायरची पकड वाढते आणि वळणावर गाडी अधिक वेगानं जाऊ शकते. आणि हे जास्तीचं वजन गाडीला वाहून न्यावं लागत नाही. गाडीत १०० किलोचं पोतं ठेवलं तर पकड वाढेल, पण वळताना त्या पोत्यालाही वळवावं लागेल. वाऱ्याच्या दाबाला वस्तुमान नसतं.

इतकी सोपी गोष्ट मोटारींच्या जगाला सुचायला इतका वेळ का लागला? कारण दीर्घकाळ 'वारा' म्हणजे अडथळा एवढाच अर्थ होता. गाडी माशासारखी किंवा थेंबासारखी निमुळती करायची आणि वाऱ्यातून सहज निसटायचं, हे ध्येय. वाऱ्यातून निसटण्याऐवजी त्याला कामाला लावायचं, हा विचारच उलटा होता.

तरी तो एकदा फार लवकर येऊन गेला. २३ मे १९२८ रोजी बर्लिनच्या आवूस मार्गावर फ्रिट्झ फॉन ओपेलनं २४ रॉकेटं लावलेली 'राक २' ही गाडी ताशी २३८ किलोमीटर वेगानं पळवली. या गाडीच्या दोन्ही बाजूंना आखूड पंख होते आणि ते गाडीला खाली दाबतील अशा कोनात बसवलेले होते. चाकांना ढकलणारं इंजिनच नव्हतं. भीती होती ती गाडी उडण्याची. ते पंख वळणावरच्या पकडीसाठी नव्हते, म्हणून त्यांच्यातून शर्यतीच्या लोकांनी काही घेतलं नाही. रॉकेटच्या धुरात ती कल्पना विरून गेली.

एकवीस वर्षांचा मायकेल मे

१९५६ च्या मे महिन्यात जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगवर १००० किलोमीटरची शर्यत होती. मायकेल मे हा २१ वर्षांचा स्विस तरुण आपल्या चुलत भावाबरोबर स्वतःची 'पोर्शे ५५०' घेऊन तिथं आला. गाडीवर चालकाच्या डोक्याच्या वर आडवा, उलटा पंख होता. दोन्ही टोकांना उभ्या पट्ट्या होत्या, म्हणजे हवा कडेनं निसटू नये. आणि चालकाला बसल्या जागेवरून पंखाचा कोन बदलता येत होता.

माझ्यासारख्या फिटरला यात सर्वांत आवडतं ते पंखाचं स्थान. मेनं तो मागे टोकाला नाही, गाडीच्या गुरुत्वमध्याजवळ बसवला. मागे टोकाला दाब दिला तर मागची चाकं दाबली जातात, पण तराजूच्या दांडीसारखी पुढची हलकी होतात आणि सुकाणू सैल पडतं. मध्यावर दाब दिला तर चारही चाकांना वाटा मिळतो. पुढे मोठमोठ्या संघांनी जे अपघात सोसून शिकलं, ते या पोरानं आधीच हेरलं होतं.

गाडी शर्यतीत धावली, पण पंखाशिवाय. सरावानंतर आयोजकांनी तो काढायला लावला. मागून येणाऱ्या चालकाच्या नजरेआड रस्ता येतो, असं कारण पुढे आलं. मेनं पुढे पंखाचा नाद धरला नाही. तो इंजिनांच्या क्षेत्रात गेला, तिथं नाव कमावलं. १९८१ साली जॅग्वारच्या १२ सिलिंडरच्या इंजिनाला मिळालेली काटकसरी ज्वलनकक्षाची रचना त्याचीच. पण मोटारीचा पंख त्यानंतर दहा वर्षं मागे पडला. एक कल्पना नियमाच्या एका ओळीनं किती काळ थोपवता येते, याचं हे उदाहरण आहे.

टेक्ससमधली कार्यशाळा

पुढचा अध्याय अमेरिकेत टेक्सस राज्यातल्या मिडलंड गावी घडला. जिम हॉल यांत्रिकी अभियांत्रिकी शिकलेला, तेलाच्या व्यवसायातल्या घरातला चालक. हॅप शार्प या सहकाऱ्याबरोबर तो 'चॅपरल' नावाच्या गाड्या बांधायचा. चॅपरल हे तिकडच्या रोडरनर पक्ष्याचं एक नाव. उडण्यापेक्षा धावणं पसंत करणारा पक्षी. कार्यशाळेला लागूनच 'रॅटलस्नेक रेसवे' नावाचा त्यांचा स्वतःचा मार्ग होता. सकाळी पत्रा कापायचा, दुपारी गाडीवर लावून पळवायचा, संध्याकाळी काढून पुन्हा कापायचा, अशी सोय दुसऱ्या कुणाकडे क्वचितच होती. शिवाय जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचं पाठबळही त्याला होतं, हे विसरू नये. 'घरच्या कार्यशाळेतला एकटा प्रतिभावंत' ही कथा ऐकायला गोड असते, पण पुरती खरी क्वचितच असते.

सुरुवातीच्या चॅपरलचं नाक वेगात वर उचललं जाई. हॉलनं पुढे खाली पत्र्याची आडवी पट्टी लावून ते थांबवलं. मग मागे लहान फळी आणि १९६६ साली 'चॅपरल २ ई' वर, दोन उंच खांबांवर उभा राहिलेला पूर्ण पंख. तो पाहून प्रेक्षक हसलेही असतील. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लागुना सेका इथं फिल हिल या गाडीतून जिंकला आणि हॉल स्वतः दुसरा आला. पुढच्या वर्षी जुलैमध्ये पंखवाली 'चॅपरल २ एफ' इंग्लंडमध्ये ब्रँड्स हॅचची लांब पल्ल्याची शर्यत जिंकून गेली.

हॉलचे दोन निर्णय इथं महत्त्वाचे. पहिला म्हणजे खांबांचा पाया. गाडीचं अंग स्प्रिंगांवर तरंगत असतं. पंखाचे खांब अंगावर रोवले तर पंखाचा दाब आधी स्प्रिंगा दाबतो. गाडी खाली बसते, चाकांचे कोन बिघडतात, आणि तो दाब पेलायला स्प्रिंगा कडक केल्या तर खड्ड्यात गाडी उडते. हॉलनं खांब थेट मागच्या चाकांच्या अपराइटवर, म्हणजे ज्या भागात चाकाचं बेअरिंग बसतं त्यावर, रोवले. दाब स्प्रिंगांना वगळून सरळ टायरवर. दुसरा निर्णय कोनाचा. त्याच्या गाडीला क्लचचं पेडल नव्हतं, त्यामुळे चालकाचा डावा पाय रिकामा होता. त्या पायाखाली त्यानं पंखाचं पेडल दिलं. सरळ रस्त्यावर पेडल दाबलं की पंख आडवा होई आणि वाऱ्याचा अडथळा कमी होई. वळणाआधी पाय ब्रेककडे गेला की पेडल सुटे, पंख पुन्हा कलता होई आणि गाडी दाबली जाई. घाबरलेल्या माणसाचा पाय जिकडे जाईल तिकडेच सुरक्षितता ठेवलेली.

पण पहिल्या निर्णयाची दुसरी बाजूही होती. स्प्रिंग फक्त प्रवाशाच्या सुखासाठी नसते. ती गाडीच्या अंगाला रस्त्याच्या मारापासून वाचवते. अपराइटवर रोवलेल्या खांबाला हे संरक्षण नाही. चाक खड्ड्यात आदळलं की तो धक्का सरळ खांबात, आणि खांबाच्या टोकावर बसलेल्या पंखात. हॉलनं हे ओळखून बांधलं. ज्यांनी त्याचं पाहून केलं, त्यांनी खांब पाहिले, हिशेब पाहिला नाही.

मोंजुइकची उतरण

युरोपातल्या फॉर्म्युला वनला पंख उमगायला १९६८ उजाडलं. त्या वर्षाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमध्ये टेरेटोंगा इथं सरावात जिम क्लार्कच्या लोटसवर मेकॅनिकांनी हेलिकॉप्टरच्या पात्याचा तुकडा लावून पाहिला होता. घरगुती प्रयोगाचं याहून शुद्ध उदाहरण मला माहीत नाही. मे महिन्यात मोनॅकोला ग्रॅहम हिलच्या लोटसला नाकावर लहान पंख आणि मागे वर वळवलेलं शेपूट होतं, हिल जिंकला. जूनमध्ये बेल्जियमच्या स्पा इथं फेरारी आणि ब्राबम उघडउघड पंख लावून आल्या. फेरारीच्या ख्रिस ॲमननं सरावात दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीला ३.७ सेकंदांनी मागे टाकलं. मग सगळ्यांनाच घाई झाली.

जुलैमध्ये फ्रान्समधल्या रूआँ इथं लोटसनं हॉलसारखे उंच खांब अपराइटवर रोवले. तिथं सरावात जॅकी ऑलिव्हर दुसऱ्या गाड्यांच्या मागच्या विस्कटलेल्या हवेत शिरला. पंखाला धड वारा मिळेना, मागची पकड गेली, गाडीचे तुकडे झाले. ऑलिव्हर वाचला. पंख आहे म्हणून ज्या वेगानं वळण घेतलं, तो वेग पंख नाहीसा झाल्यावर क्षणात जीवघेणा ठरतो, हा धडा समोर होता. पण खांब आणखी उंच झाले, पंख आणखी रुंद झाले. पंख रुंद केला की त्यावरचा भार वाढतो, आणि आधार तेच राहिले तर मधला भाग अधिक वाकतो. घरात पुस्तकांचं फडताळ ज्यानं ठोकलंय त्याला हे सांगावं लागत नाही.

४ मे १९६९. बार्सिलोनाच्या मोंजुइक टेकडीवरच्या शहरी रस्त्यांची शर्यत. लोटसचे मागचे पंख या शर्यतीसाठी वाढवलेले होते. तिथल्या रस्त्यात एक उंचवटा आहे. तो ओलांडताना गाडी क्षणभर हलकी होते आणि लगेच पुन्हा बसते. नवव्या फेरीला त्या उंचवट्यावर ग्रॅहम हिलच्या गाडीचा पंख मोडला आणि गाडी कठड्यावर आदळली. हिल चालत बाहेर आला. मोडलेला पंख पाहून काय झालं ते त्याच्या लक्षात आलं. संघातला त्याचा सहकारी योखन रिंट तशाच पंखानिशी सर्वांत पुढे धावत होता. त्याला थांबवण्याचा निरोप वेळेत पोहोचला नाही. विसाव्या फेरीला त्याच जागी रिंटचा पंख मोडला. त्याची गाडी हिलच्या पडलेल्या गाडीवर आदळून उलटली. रिंट चेहऱ्याची हाडं मोडून दवाखान्यात गेला.

तिथून त्यानं पंखांवर बंदी आणावी असं उघड पत्र लिहिलं. त्याच आठवड्यात आणखी एक पत्र त्यानं लोटसचा मालक कॉलिन चॅपमन याला लिहिलं. ते माझ्या मते मोटारींच्या इतिहासातल्या सर्वांत समंजस कागदांपैकी आहे. त्याचा आशय असा की, आपल्या गाड्या मुळातच इतक्या वेगवान आहेत की कमजोर भाग मजबूत करायला थोडं वजन वाढलं तरी आपण स्पर्धेत राहू. आणि ज्या गाडीवर विश्वास आहे अशीच गाडी मी चालवू शकतो. दोनच आठवड्यांत मोनॅकोला पहिल्या सरावानंतर नियामक मंडळानं पंख काढायला लावले आणि त्या सरावाच्या वेळाही रद्द केल्या. पंखाविनाच्या गाडीतून हिल तिथं पाचव्यांदा जिंकला.

बंदी टिकली नाही, पण नियम बदलले. पंख परत आले ते लहान, ठेंगणे, गाडीच्या अंगाला घट्ट जोडलेले आणि न हलणारे. अपराइटवरचे खांब गेले. चालत्या गाडीत हलणारा वायुभाग नको, हे तत्त्व तेव्हापासून नियमपुस्तकात बसलं, आणि २०११ साली मागच्या पंखाची झडप उघडण्याची परवानगी मिळाली ती त्याला अपवाद म्हणून. रिंट मात्र हे पाहायला राहिला नाही. ५ सप्टेंबर १९७० ला मोंझा इथं सरावात तो गेला. कारण म्हणून पुढच्या ब्रेकचा दांडा मोडल्याचं सांगितलं गेलं. सरळ रस्त्यावर वेग मिळावा म्हणून त्या दिवशी त्याची गाडी पंख काढून धावत होती. पंखावर बंदी मागणारा माणूस पंख नसलेल्या गाडीत गेला, यातून कुणी दैवाचा खेळ काढू नये. दोन्ही वेळा मोडला तो एक भाग.

पाऊण तासाची पट्टी

पंखाचा इतिहास केवळ अपघातांचा नाही. १९७१ साली अमेरिकेत फीनिक्स इथं डॅन गर्नीच्या गाडीची चाचणी चालू होती. बॉबी अन्सर चालवत होता आणि वेग काही केल्या मिळत नव्हता. गर्नीनं पंखाच्या मागच्या कडेला ॲल्युमिनियमच्या अँगलची बारीक पट्टी उभी रिव्हेट करायला लावली. काम पाऊण तासाचं. अन्सर फेऱ्या मारून आला; वेळ पहिल्याइतकीच. पण त्यानं गर्नीला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की मागची बाजू आता इतकी घट्ट बसलीय की पुढचीच चाकं घसरताहेत. पुढचा दाब वाढवून समतोल साधला की झालं. इतर संघांनी विचारलं की ही पट्टी कशासाठी, तर सांगायचं, गाडी ढकलताना पंखाच्या धारेनं हात कापू नयेत म्हणून.

डग्लस विमान कंपनीतला शास्त्रज्ञ बॉब लिबेक यानं पुढे पवनबोगद्यात या पट्टीचा अभ्यास केला. पंखाच्या रुंदीच्या जेमतेम शतांशाएवढी उंची, म्हणजे आमच्या पोरांच्या पंखाला ३-४ मिलिमीटर, पुरते हे दिसलं. विमानविद्येकडून उसन्या घेतलेल्या पंखाची ही परतफेड. १९७२ साली इंडियानापोलिसला सराव-पात्रतेचा वेग १७८ मैलांवरून एकदम १९५ मैलांच्या पुढे गेला, तो अन्सरच्याच गाडीचा. त्यात या पट्टीचा वाटा असेल, पण मोठं कारण नियमातलं होतं: त्या वर्षी तिथं पंख बोल्टनं जोडायला परवानगी मिळाली. त्याआधी तो गाडीच्या अंगाचाच भाग असावा लागे. पुन्हा प्रश्न जोडाचाच.

सात किलोचा हिशेब

आता आमच्या अंगणातल्या पंखाकडे येतो. कोणताही पंख किती दाबेल हे हवेची घनता, पंखाचं क्षेत्रफळ, आकाराचा गुणांक आणि वेगाचा वर्ग यांच्यावर ठरतं. पोरांच्या पंखाचं क्षेत्रफळ ०.४२ चौरस मीटर. गुणांक १ धरला तर ताशी ६० किलोमीटरला दाब येतो साधारण ७ किलो, १०० ला २० किलो. वेग दुप्पट केला की दाब चौपट. पहिली चाचणी महाविद्यालयाच्या मागच्या मैदानात, ६० च्या आतच होणार होती. मी म्हणालो, सात किलोला काय लागतं? मागच्या पत्र्याला चार बोल्ट मारा, खाली मोठे वॉशर द्या, पुरे.

चाचणीला मीही गेलो होतो. दुसऱ्या फेरीत गाडी एका जुन्या चरीवरून गेली. चारपैकी दोन बोल्टांची भोकं फाटली, पंख एका बाजूला लटकला आणि लगेच सुटून मागे भिरकावला गेला. स्टॉपवॉच घेऊन उभ्या असलेल्या मुलीपासून तो पाच-सहा फुटांवर पडला. तिला काही झालं नाही. बराच वेळ कुणी बोललं नाही.

माझा सात किलोचा हिशेब बरोबर होता आणि त्याचा उपयोग नव्हता. पंख फक्त खाली दाबत नाही, वारा त्याला मागेही ओढतो आणि उंचीमुळे ती ओढ ब्रॅकेटच्या बुडाशी उपटण्याचं काम करते. पंखाचं स्वतःचं वजन खड्ड्यात कैक पटींनी आपटतं. आणि पातळ पत्रा ओढीला टिकतो, पण लवत राहिला की भोकाच्या कडेनं फाटतो. मोंजुइकवर सगळं वाचलेला मी, आणि माझ्याच अंगणात मीही फक्त स्थिर भार मोजला होता.

मग आम्ही नव्यानं सुरुवात केली. ब्रॅकेट पत्र्यावरून काढून चासीच्या नळ्या जिथं एकमेकींना मिळतात त्या गाठींवर घेतली. उभ्या दांड्यांना मागून तिरके धिरे दिले, म्हणजे त्रिकोण तयार झाला. सगळीकडे नायलॉक नट. पंखाच्या आत बोल्ट येतात तिथं थर्मोकोल कोरून लाकडी ठोकळे बसवले, वरून पुन्हा फायबर. आणि गाडी न हलवता चाचणी: १०० किलोमीटर वेगाला येणाऱ्या दाबाच्या तिप्पट, म्हणजे ६० किलो वाळू, लहान पिशव्यांत भरून पंखभर सारखी पसरली आणि रात्रभर ठेवली. सकाळी मागून दोरीनं ओढून पाहिलं, खालून वर उचलून पाहिलं. स्पर्धेतले परीक्षकही पंखावर जोर देऊन तो किती लवतो ते पाहतात, असं भाच्यानं तेव्हा सांगितलं. नियम कुणाच्या तरी मोडलेल्या हाडांवरून लिहिलेले असतात.

अशी एक स्पर्धा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होते. एस. करिवर्धन यांनी मारुतीच्या इंजिनावर कमी खर्चाच्या शर्यतीच्या गाड्या त्याच शहरात बांधल्या. मार्गाला नाव त्यांचंच आहे. पुण्या-मुंबईची पोरं तिथं आपापले पंख घेऊन जातात, तेव्हा मे आणि हॉल यांच्याच रांगेत उभी असतात, हे त्यांना कुणी तरी सांगायला हवं.

वाळू उतरवली त्या सकाळी मी पोरांना रिंटच्या त्या पत्राचा आशय मराठीत सांगितला. नव्या जोडणीमुळे गाडीचं वजन सव्वा किलोनं वाढलं होतं. एरवी दहा-दहा ग्रॅमसाठी बोल्ट पोखरणारी ही मुलं. भाच्यानं वहीत आकडा लिहिला, वजनकाटा बंद केला आणि स्टॉपवॉचवाल्या मुलीला म्हणाला, "आज तू कठड्यामागं उभी राहा."